सुटकेचा हिशेब

केंद्र सरकारने 2023 च्या अर्थसंकल्पात गरीब कैद्यांसाठी एक योजना जाहीर केली आणि त्याच वर्षी जूनमध्ये तिच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. न्यायालयाने जामीन मंजूर केला, पण पैशाअभावी सुटता येत नाही, अशा न्यायाधीन बंद्याला 40,000 रुपयांपर्यंत मदत. शिक्षा संपली, पण दंड भरता येत नाही म्हणून अडकलेल्याला 25,000 रुपयांपर्यंत. वर्षाला 20 कोटींची तरतूद. त्याच सुमारास राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने सर्वोच्च न्यायालयापुढे माहिती ठेवली होती की जामीन मिळूनही आतच असलेले सुमारे 5,000 कैदी देशात आहेत. 20 कोटींना 40,000 ने भागून पाहा, उत्तर नेमके 5,000 येते. कागदावर तरी हा प्रश्न एका वर्षात मिटायला हवा होता. प्रत्यक्षात निधी बहुतांशी पडून राहिला. पैसे आहेत, वापरा, असे गृह मंत्रालयाला राज्यांना पुन्हा पुन्हा लिहावे लागले.

पैसा होता, गरजू माणसे होती, न्यायालयाचा हुकूमही त्यांच्या बाजूचा होता. मग अडले कुठे? तुरुंग आणि न्यायव्यवस्थेच्या सुधारणेसाठी दान देऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने आधी या प्रश्नापाशी थांबले पाहिजे. या पुस्तकातले लेख वेगवेगळ्या अंगांनी याच प्रश्नाकडे येतात. दिलेल्या रुपयाने किती काम झाले, ते कसे मोजायचे, आणि मोजण्याच्या नादात काय हातून सुटते, हा त्यांचा विषय आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकते: या क्षेत्रात सगळ्यात जास्त फळ देणारा खर्च हा जामिनाच्या रकमेवरचा नसून कागद घेऊन हिंडणाऱ्या माणसाच्या पगारावरचा असतो, आणि देणगीदार नेमका तोच खर्च ‘प्रशासकीय’ म्हणून कापतात.

हे पटायचे, तर जामिनाचा हुकूम झाल्यापासून तुरुंगाचा दरवाजा उघडेपर्यंत काय काय घडावे लागते ते जवळून पाहायला हवे. समजा, चोरीच्या गुन्ह्यात एकाला 15,000 रुपयांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक लायक जामीनदार या अटीवर जामीन मिळाला. ही रक्कम सहसा न्यायालयात भरायची नसते. आरोपी तारखेला आला नाही, तर एवढे पैसे मी भरीन, असे लिहून देणारा माणूस उभा करायचा असतो, आणि त्याची ऐपत सिद्ध करायची असते. त्यासाठी रेशनकार्ड, आधार, पगाराची स्लिप किंवा घरपट्टीची पावती, गावाकडचा असेल तर सातबारा, कुठे तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला. कागद खरे आहेत का याची पडताळणी वेगळी. आरोपी परभणीहून किंवा बिहारमधून मुंबईत मजुरीला आलेला असेल, तर त्याच्यासाठी घरपट्टीची पावती हातात धरून कोण उभे राहणार? पालावर राहणाऱ्या पारधी कुटुंबाकडे सातबारा कुठून येणार? ज्या 1871 च्या कायद्याने अशा जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवले, तो 1952 मध्ये गेला. पण कायमचा पत्ता मागणारी व्यवस्था त्यांना अजून तितकीच जड जाते.

मुंबईतली काही न्यायालये तात्पुरता रोख जामीन घेतात आणि जामीनदार आणायला काही आठवड्यांची मुदत देतात. पण त्यासाठीही अर्ज करावा लागतो, आणि तो करायला वकील हजर असावा लागतो. न्यायालयाच्या आवारात पैसे घेऊन उभे राहणारे धंदेवाईक जामीनदारही असतात. दागिना गहाण टाकून घरचे लोक त्यांच्याकडे जातात आणि कागद खोटे निघाले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात. हे सगळे पार पडले की सुटकेचा हुकूम तुरुंगात पोचवायचा. आर्थर रोड तुरुंगाच्या दाराशी त्यासाठी एक पेटी आहे, ती ठरलेल्या वेळी उघडतात. वेळ चुकली की मुक्काम वाढला. ऑक्टोबर 2021 मध्ये एका नामवंत अभिनेत्याच्या मुलाचा हुकूम वेळेत तिथे पोचला नाही म्हणून त्याला एक रात्र जास्त काढावी लागली, तेव्हा अख्ख्या देशाने ती पेटी टीव्हीवर पाहिली. ज्याच्यासाठी बाहेर कुणीच ताटकळत नसते, त्याचा एक दिवस सहज आठवड्याचा होतो.

ही अडचण न्यायालयांना ठाऊक नाही असे नाही. 1978 च्या मोतीराम खटल्यात मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याला 10,000 रुपयांचा जामीन सांगितला होता, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून दंडाधिकाऱ्यांनी तो जामीनदार नाकारला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती अट रद्द केली आणि त्या माणसाला 1,000 रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितले. 31 जानेवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा तेच सांगावे लागले: स्थानिक जामीनदाराची अट हे सुटका लांबण्याचे एक मोठे कारण आहे, ती घालू नये. त्याच आदेशात आणखीही होते. जामिनाच्या हुकमाची प्रत त्याच किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंगात जावी. सात दिवसांत सुटका झाली नाही, तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे. सचिवांनी विधी स्वयंसेवक किंवा वकील धाडावा. महिना उलटला, तर न्यायालयाने स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करावा. एका आदेशाने याहून जास्त काय सांगायचे? पण त्यातल्या प्रत्येक वाक्याला एक करणारा लागतो. अधीक्षकांचे पत्र कुणीतरी लिहायचे, ते सचिवांच्या टेबलावर कुणीतरी वर काढायचे, स्वयंसेवकाने आरोपीच्या गावी फोन लावून त्याच्या मामाला समजवायचे की सही केली म्हणजे तुला अटक होणार नाही.

सरकारी योजना इथेच अडली. तिने रोख रक्कम देऊ केली, आणि न्यायालये मागत होती जामीनदार. शिवाय रक्कम मिळायची ती जिल्ह्याच्या समितीकडून. समितीपुढे प्रकरण यायला कैद्याची आर्थिक स्थिती कुणीतरी तपासून लिहावी लागते. त्या कामाला माणूस नव्हता. अमली पदार्थ, मनी लाँडरिंग, बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा यांखालचे आरोपी तर योजनेतून वगळलेलेच होते.

आता देशाचे चित्र. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 च्या अखेरीस भारतातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसे होती. त्यांपैकी 4,34,302 न्यायाधीन, म्हणजे बोलीतले ‘कच्चे कैदी’. गुन्हा सिद्ध न झालेले. हे प्रमाण जवळजवळ 76 टक्के होते. 1975 च्या सुरुवातीला ते सुमारे 58 टक्के होते. मधल्या काळात बिहारमधल्या कच्च्या कैद्यांचे हुसैनारा खातून प्रकरण झाले, विधी सेवा प्राधिकरणांचा कायदा 1987 मध्ये होऊन 1995 मध्ये अमलात आला, 2005 च्या दुरुस्तीने निम्मी शिक्षा आतच भोगून झालेल्याला सोडण्याचे कलम आले, आणि त्यानंतर, जुलै 2024 पासून, नव्या संहितेत पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्याला एक तृतीयांश मुदतीनंतर सोडण्याची तरतूद झाली. सुधारणा कागदावर येत राहिल्या आणि कच्च्या कैद्यांचे प्रमाण वाढत राहिले. 2022 च्या अखेरीस पाच वर्षांहून अधिक काळ निकालाविना आत असलेले 11,000 हून जास्त होते. महाराष्ट्रात दर पाच कैद्यांमागे साधारण चार न्यायाधीन. आर्थर रोडची क्षमता आठशेच्या आसपास मानली जात असताना तिथे तीन हजारांहून अधिक माणसे राहत आली आहेत. देशभरातल्या कच्च्या कैद्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागास वर्गांतले. जवळजवळ तितकेच अशिक्षित किंवा दहावीच्या आत शाळा सुटलेले.

एवढ्या मोठ्या दुःखासमोर पैशाचा हिशेब मांडणे काहींना क्रूर वाटेल. मला तो न मांडणे जास्त क्रूर वाटते. या कामाला मिळणारा पैसा फार थोडा आहे. कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा पैसा 2013 च्या कायद्यापासून मोठ्या प्रमाणावर शिक्षण आणि आरोग्याकडे जातो. तुरुंगातल्या माणसासाठी दान मागायला गेले की समोरच्याचा चेहरा बदलतो. सरकारचा हातही फारसा सैल नाही. टाटा ट्रस्टच्या पुढाकाराने 2019 मध्ये निघालेल्या पहिल्या ‘इंडिया जस्टिस रिपोर्ट’ने दाखवले की मोफत कायदेशीर मदतीवर देशात वर्षाला माणशी 75 पैसे खर्च होत होते. त्याच अहवालात मोठ्या राज्यांत महाराष्ट्र पहिला आला होता; यावरून बाकीच्यांची अवस्था समजावी. इतक्या तुटपुंज्या पैशातला एक रुपया चुकीच्या जागी गेला, तर त्याची किंमत आत बसलेला कुणीतरी दिवसांत मोजतो.

म्हणून हिशेब दिवसांत मांडावा, असा माझा आग्रह आहे. संस्थांच्या अहवालांत सहसा ‘यंदा इतक्या कैद्यांची सुटका’ असा आकडा असतो. तो खोटा नसतो, पण त्यातून फारसे कळत नाही. एक कल्पित उदाहरण घेऊ. एका जिल्हा तुरुंगात एक समाजकार्यकर्ती आणि एक वकील, प्रवास, झेरॉक्स, फोन, सगळे धरून वर्षाला 12 लाख खर्च. त्यांनी 120 जणांना सोडवले. माणशी 10,000 रुपये. अहवालात छापायला सोपा आकडा. आता विचारू या, हे दोघे नसते तर काय झाले असते? समजा, 60 जण तसेही महिन्याभरात सुटले असते, त्यांचे सरासरी 20 दिवस वाचले. 40 जणांचे सरासरी 100 दिवस वाचले. उरलेले 20 असे होते की त्यांना विचारणारेच कुणी नव्हते. त्यांचे सरासरी 300 दिवस वाचले. बेरीज 1,200 अधिक 4,000 अधिक 6,000, म्हणजे 11,200 दिवस. एका दिवसाला साधारण 107 रुपये. आणि पाहा, यांतले निम्म्याहून अधिक दिवस त्या 20 जणांकडून आले, जे यादीत फक्त एक षष्ठांश आहेत.

देणगीदाराने डोकी मोजली, की संस्था आपोआप पहिल्या साठांकडे वळते. ती प्रकरणे सोपी असतात, घरचे लोक हजर असतात, दोन फेऱ्यांत काम होते. वीस जणांपैकी एकासाठी मात्र समाजकार्यकर्तीला कुठल्याशा तांड्यावर जावे लागते, शाळा सोडल्याचा दाखला शोधावा लागतो, नाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर भलतेच असते ते जुळवावे लागते, सहा तारखांना न्यायालयात बसावे लागते. तिमाही अहवालात त्या सगळ्या मेहनतीची एकच सुटका दिसते, किंवा अजून काहीच दिसत नाही. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प 1990 पासून हे काम करतो आहे. तुरुंगात आणि पोलीस ठाण्यात प्रशिक्षित समाजकार्यकर्ता असायला हवा, हे त्याने तीन दशके प्रत्यक्ष काम करून दाखवले. ते काम सुटकेच्या एका आकड्यात मावत नाही.

‘ते नसते तर काय झाले असते’ या प्रश्नाला इथे विशेष धार आहे. मार्च 2020 मध्ये करोनामुळे सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून राज्यांत उच्चाधिकार समित्या बसल्या आणि महाराष्ट्रात 10,000 हून अधिक कैदी तात्पुरत्या जामिनावर किंवा पॅरोलवर बाहेर आले. त्या वर्षी एखाद्या संस्थेचा सुटकांचा आकडा तिप्पट झाला असेल, तर त्यातला किती भाग संस्थेचा आणि किती विषाणूचा? याचे प्रामाणिक उत्तर देणाऱ्या संस्थेला शिक्षा होऊ नये, एवढी काळजी पैसा देणाऱ्यांनी घेतली पाहिजे. आपल्या नावावरच्या सुटका कमी करून सांगणारी संस्था मला जास्त विश्वासाची वाटते.

असा हिशेब जगात सगळ्यात गंभीरपणे मांडला गेला तो अमेरिकेत, आणि तो अनुभव आपण पुरता समजून घ्यायला हवा. ओपन फिलान्थ्रॉपी या दानसंस्थेने 2015 पासून सहा-सात वर्षांत तिथल्या फौजदारी न्यायाच्या सुधारणेला 13 कोटी डॉलरहून अधिक दिले. ‘एका डॉलरमागे किती भले’ हा प्रश्न ही संस्था प्रत्येक क्षेत्राला विचारते. 2021 च्या नोव्हेंबरमध्ये तिने हे काम ‘जस्ट इम्पॅक्ट’ नावाच्या वेगळ्या संस्थेकडे सोपवले, तिला सुरुवातीला 5 कोटी डॉलर दिले आणि स्वतः बाजूला झाली. कारण उघड सांगितले: गरीब देशांतल्या आरोग्यासारख्या क्षेत्रांत त्याच डॉलरने जास्त भले होते, असा तिचा अंदाज बनला होता. त्यावर टीका दोन्हीकडून झाली. काहींनी म्हटले, हे आधीच कळायला हवे होते. काहींनी म्हटले, तुरुंगातल्या एका वर्षाची किंमत ठरवायचीच कशी, आणि ती किंचित बदलली की सगळे उत्तर उलटते.

मला दुसरी टीका खरी वाटते, पण तिच्यातून मोजणे सोडून द्यावे असा अर्थ मी काढत नाही. मच्छरदाणीने वाचलेले मूल आणि कोठडीतून वाचलेले वर्ष एकाच काट्यावर तोलता येत नाहीत. पण एका जिल्ह्यातली विधी मदत आणि दुसऱ्या जिल्ह्यातली विधी मदत तोलता येते. जामिनाची रक्कम भरणे आणि जामिनासाठी माणूस नेमणे, यांची तुलना करता येते. आपल्याला त्या पातळीवरचा हिशेबही अजून मांडायचा आहे.

ओपन फिलान्थ्रॉपीसाठीच डेव्हिड रूडमन या अभ्यासकाने 2017 मध्ये तुरुंगवास आणि गुन्हे यांच्या संबंधावरची आधीची संशोधने मूळ आकडेवारी घेऊन पुन्हा तपासली. आजच्या अमेरिकेत तुरुंगवास थोडा वाढवला किंवा कमी केला, तर गुन्ह्यांवर निव्वळ परिणाम जवळजवळ शून्य, असा त्याचा निष्कर्ष. कॅलिफोर्नियाने 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तुरुंगांतली गर्दी झपाट्याने कमी केली. हिंसक गुन्हे वाढल्याचे दिसले नाही, वाहनचोऱ्या मात्र वाढल्या. फिलाडेल्फिया आणि मायामी इथल्या आरोपींवर डॉबी, गोल्डिन आणि यांग यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास तर थेट कच्च्या कैदेबद्दल आहे. खटल्याआधी बाहेर राहिलेल्याला दोषी ठरवले जाण्याची शक्यता 14 टक्केबिंदूंनी घटते, मुख्यतः तो सुटण्यासाठी गुन्हा कबूल करत नाही म्हणून. आणि पुढे त्याला नोकरी मिळण्याची शक्यता वाढते. आत राहण्यानेच माणूस गुन्हेगार ठरतो, हे इतक्या नेमकेपणाने क्वचित दाखवले गेले असेल.

अमेरिकेतल्या जामीन निधींचे उदाहरण आपल्याकडे फार दिले जाते. ब्राँक्समध्ये 2007 साली सुरू झालेल्या निधीने गरिबांचा रोख जामीन भरला; आरोपी तारखांना हजर राहिले, की पैसा परत येई आणि दुसऱ्यासाठी वापरला जाई. त्यांचे आरोपी बहुतेक वेळा हजर राहत, त्यामुळे तोच पैसा फिरत राहिला. कल्पना सुंदर आहे. पण ती तशीच इथे आणली, तर पैसा बँकेत पडून राहील, जसा सरकारी योजनेचा राहिला. तिथे न्यायालयाला डॉलर हवे असतात. इथे जामीनदार हवा असतो. तिथला आणखी एक धडा मात्र जसाच्या तसा लागू होतो. मे 2020 मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर मिनेसोटातल्या एका छोट्याशा जामीन निधीकडे काही आठवड्यांत 3 कोटी डॉलरहून अधिक देणग्या आल्या. तिथे तेव्हा एवढा पैसा खर्च करता येईल इतके जामीनच नव्हते. देणगी भावनेच्या वेगाने येते आणि काम माणसांच्या वेगाने होते.

तिथे कायदाही मागे फिरला. न्यूयॉर्क राज्याने 2020 च्या सुरुवातीपासून बहुतेक किरकोळ गुन्ह्यांत रोख जामीन बंद केला आणि त्याच वर्षी, नंतर पुन्हा 2022 आणि 2023 मध्ये, सुधारणेचे काही भाग मागे घेतले. कायदा बदलण्यासाठी दिलेल्या पैशाचा हिशेब करताना हा बदल किती वर्षे टिकेल, हेही धरावे लागते.

कायदा बदलण्यावर खर्च करावा की एकेका माणसावर, हा वाद या पुस्तकात अनेक ठिकाणी येतो. पहिल्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा हुसैनारा खातून. राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य के. एफ. रुस्तमजी बिहारच्या तुरुंगांत गेले, तिथली अवस्था त्यांनी वृत्तपत्रात लिहिली, आणि त्या आधारे वकील पुष्पा कपिला हिंगोरानी यांनी 1979 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. जलद खटला हा मूलभूत हक्काचा भाग ठरला आणि हजारो माणसे बाहेर आली. खर्च काय तर एका वकिलाचे श्रम आणि एका अधिकाऱ्याचा प्रवास. दर सुटकेमागचा खर्च काढला, तर तो पैशांत येईल. पण हे उदाहरण आपल्यापर्यंत पोचले, कारण ते यशस्वी झाले. त्याच काळात आणि नंतर दाखल झालेल्या, तारखांत विरलेल्या याचिका कुणाला आठवत नाहीत, आणि त्यांचाही खर्च त्याच खात्यावर टाकायला हवा. शिवाय हुसैनारानंतर निम्म्या मुदतीचे कलम येईपर्यंत पंचवीसहून अधिक वर्षे गेली, आणि ते कलम आल्यावरही त्याचा लाभ मिळवून देणारे हात नव्हते. निकालाने दार किलकिले होते. आतल्या माणसाला त्या दारापर्यंत आणणारे कुणी नसेल, तर तो निकाल कायद्याच्या पुस्तकातच राहतो.

गुन्ह्याचा प्रश्न टाळून चालणार नाही. कच्च्या कैद्यांत किरकोळ चोऱ्यांचे आरोपी असतात, तसे खून, बलात्कार आणि बालकांवरच्या अत्याचाराचे आरोपीही मोठ्या संख्येने असतात. सगळेच निष्पाप आहेत असे सांगणारे अहवाल वाचकाचा विश्वास गमावतात. सुटलेल्यांपैकी किती तारखांना आले, किती पुन्हा पकडले गेले, फिर्यादीला धमकावल्याच्या किती तक्रारी झाल्या, हे आकडे संस्थांनी स्वतः ठेवावेत आणि छापावेत. अमेरिकेतले निष्कर्ष इथे गृहीत धरता येणार नाहीत. तिथे दर लाख लोकसंख्येमागे आपल्या कित्येक पट माणसे तुरुंगात आहेत. फिर्यादी बाईच्या सुरक्षिततेवर झालेला खर्चही न्यायसुधारणेच्याच खात्यात मोडतो, असे मी मानते.

आणि काही दारे पैशाने उघडतच नाहीत. अमली पदार्थांचा कायदा, मनी लाँडरिंग आणि बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा यांत जामिनाच्या अटीच इतक्या कडक आहेत की चांगला वकीलही महिनोन्‌महिने हात चोळत बसतो. तिथे समाजकार्यकर्तीने वाचवलेले दिवस कमी दिसतील. हा तिचा दोष धरू नये, आणि ती माणसे हिशेब बिघडवतात म्हणून त्यांना यादीतून वगळू नये. नव्या संहितेतल्या एक तृतीयांश मुदतीच्या तरतुदीलाही अशीच एक मर्यादा आहे: एकाहून अधिक गुन्हे प्रलंबित असतील, तर तिचा लाभ मिळत नाही. ज्या वस्त्यांवर पोलीस एका संशयावर पाच गुन्हे लावतात, तिथली माणसे तिच्यातून गळतात.

सरकारने 2022 पासून लोकअभिरक्षक कार्यालये सुरू केली. पगारी, पूर्ण वेळचे बचाव वकील, ही जुनी मागणी त्यातून काही प्रमाणात पुरी झाली. दानाच्या पैशाने चाललेल्या कामाची खरी परीक्षा इथे आहे. दानावर नेमलेला वकील लोकअभिरक्षकाचेच काम करत असेल, तर तो पैसा सरकारची जबाबदारी उचलतो आहे. तो त्या कार्यालयात बसून फाइलींची यादी लावत असेल, सात दिवस उलटलेली नावे रोज सकाळी काढून देत असेल, नातेवाइकांना बोलावून आणत असेल, तर सरकारने आधीच केलेल्या खर्चाला तो फळ मिळवून देतो. दोन्ही चांगली कामे आहेत, पण दुसऱ्या कामात दर रुपयामागचे दिवस जास्त भरतील असे मला वाटते. आणि तीन वर्षांचे अनुदान संपल्यावर ती यादी कोण काढणार, याचे लेखी उत्तर पहिल्याच वर्षी मागितले जावे.

मोजणीची सामग्रीही आता तितकी दुर्मीळ राहिलेली नाही. 2023 च्या आदेशानुसार जामीन मंजूर झाल्याची तारीख तुरुंगाच्या ई-प्रिझन्स प्रणालीत भरायची आहे. सुटकेची तारीख तुरुंगाच्या नोंदीत असतेच. दोन तारखांमधले अंतर म्हणजे प्रत्येक माणसाचे वाया गेलेले दिवस. नावे काढून, जिल्हावार, गुन्ह्याच्या कलमानुसार ही यादी दर तिमाहीला मिळू लागली, तर येरवड्यात अंतर का वाढले आणि नागपुरात का घटले, हे विचारता येईल. एखाद्या न्यायालयात स्थानिक जामीनदाराची अट अजून घातली जाते का, हे दिसेल. आणि कुणाच्या पगारावर केलेला खर्च किती दिवसांना लागू पडला, हेही. अशी यादी मिळवण्यासाठी एका जिल्ह्यात माहितीच्या अधिकाराचे अर्ज लिहिणारी, तुरुंग अधीक्षकांकडे पाठपुरावा करणारी आणि आकडे तपासणारी दोन माणसे वर्षभर लागतील. त्या दोघांच्या कामातून लगेच एकही सुटका होणार नाही, आणि तरीही पहिला धनादेश त्यांच्यासाठी लिहावा, असे मी देणगीदारांना सुचवते.